पडद्यावरचा एसी सोर्स: २३० की ३२५?

संगणकावर सर्किट चालवून पाहणारा प्रोग्रॅम म्हणजे सिम्युलेटर. त्याच्या पडद्यावरचं हे छोटं वर्तुळ आणि त्यातली नागमोडी रेघ म्हणजे एसी सोर्स, सतत दिशा बदलणाऱ्या विजेचा स्रोत. त्याच्या शेजारी तीन आकडे लिहिले आहेत: शून्य, ३२५, ५०. पहिला ऑफसेट (लहर शून्यापासून किती वर-खाली सरकली आहे), दुसरा व्होल्टेजचं शिखर, तिसरा फ्रिक्वेन्सी.

घरात तर २३० व्होल्ट येतात, मग हे ३२५ कुठले? मीटरवर दिसतं ते आरएमएस मूल्य, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या स्थिर व्होल्टेजचा आकडा. साइन लहरीचं शिखर त्याच्या १.४१४ पट असतं आणि सिम्युलेटरला शिखरच हवं असतं. तिथे २३० टाकले, तर रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचा) कपॅसिटर २५० व्होल्टचा चालेल असं वाटतं. प्रत्यक्ष बोर्डावर मात्र त्याच्यावर ३२५ व्होल्ट येतात. म्हणून या एका आकड्यावर मी अडून बसतो.

ही लिहिण्याची पद्धत आली स्पाइस या सर्किट सिम्युलेटरमधून. १९७३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॅरी नेगल यांनी तो प्रोग्रॅम लिहिला. पवईच्या आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘ईसिम’ या सर्किट-डिझाइन सॉफ्टवेअरच्या पोटातही त्याच घराण्यातला एनजीस्पाइस चालतो.

पडद्यावरचा हा सोर्स ‘आदर्श’ असतो. आता ‘आदर्श’ म्हणजे काय ते पाहू. या सोर्सचा अंतर्गत रोध शून्य. त्याने ठरवायचं फक्त दोन टोकांमधलं व्होल्टेज. करंट किती वाहायचा ते बाकीचं सर्किट ठरवणार. असे दोन सोर्स थेट समांतर जोडले, की कोणातून किती करंट जातो याचं उत्तरच निघत नाही. सिम्युलेटर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ (या समीकरणांना एकच एक उत्तर नाही) म्हणून थांबतो, आणि ते योग्यच आहे.

एक प्रयोग करू. रिकामा कपॅसिटर, त्याच्या मालिकेत १ ओहम, आणि फेज ९० अंश, म्हणजे लहर शिखरावर असताना स्विच चालू. पहिल्याच क्षणी करंट ३२५ अँपिअर! आणि सोर्सचं व्होल्टेज? तसूभरही ढळलेलं नाही. गावात शेतातला पंप सुरू झाला की बल्ब मंदावतो. वायरला आणि ट्रान्सफॉर्मरला रोध असतो म्हणून. आपल्या सोर्सला तो माहीतच नाही. तो आपणच द्यायचा.

सोर्सच्या मालिकेत अर्धा ओहम आणि एक छोटा इंडक्टर (करंटला एकदम उडी मारू न देणारी कॉइल) जोडू, आणि पुन्हा रन करू. आता करंट शून्यापासून चढतो आणि २१७ अँपिअरच्या (३२५ भागिले एकूण दीड ओहम) खालीच वळतो.