सभागृहातली युती आणि मतपेटीतली युती

मंडळी, आपल्याकडे युती म्हटलं की दोन पक्ष डोळ्यांसमोर येतात. जागावाटपाचा घोळ, मैत्रीपूर्ण लढती, आणि निकालाच्या संध्याकाळी 'मित्रपक्षाची मतं आमच्याकडे वळलीच नाहीत' ही ठरलेली तक्रार. अमेरिकेतल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, युती होते ती एकाच पक्षातल्या, एकाच तिकिटासाठी भांडणाऱ्या उमेदवारांत. उमेदवारी एकच, त्यामुळे वाटून काय घेणार? म्हणून बहुतेक वेळा दोघं एकत्र येतात ते तिसऱ्याला अडवायला. अशी युती जमली की पहिला प्रश्न विचारावा: ज्यांची मतं वळवायची आहेत ती माणसं आत्ता एका छताखाली आहेत का?

5 फेब्रुवारी 2008 घ्या. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटन शहरात रिपब्लिकन पक्षाचं राज्य कन्व्हेन्शन, म्हणजे अधिवेशन, भरलं होतं. सभागृहात अकराशेच्या वर कार्यकर्ते, पणाला राष्ट्रीय कन्व्हेन्शनचे 18 डेलिगेट (तिथे मत देऊन राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी), आणि जिंकेल त्याला अठराच्या अठरा. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर शेवटचा बाद आणि पुन्हा मतदान, असा नियम.

पहिल्या फेरीत मिट रॉम्नी 464, माइक हकबी 375, जॉन मॅकेन 176, रॉन पॉल 118. पॉल बाद झाले. मॅकेन यांचा हिशेब सरळ होता. देशभरात त्यांचा खरा प्रतिस्पर्धी रॉम्नी. हकबींना अठरा डेलिगेट मिळाले तरी मॅकेन यांचं काही बिघडत नव्हतं. त्यांच्या माणसांना हकबींकडे जाण्याचा निरोप गेला. पॉल यांच्या गटाने 18 पैकी 3 डेलिगेटच्या बदल्यात हकबींशी बोलणी केली. इराक युद्धाचे कट्टर समर्थक मॅकेन आणि त्याच युद्धाचे कट्टर विरोधक पॉल, दोघांचीही मतं हकबी या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या झोळीत! दुसऱ्या फेरीत हकबी 567, रॉम्नी 521, मॅकेन 12. रॉम्नींच्या गोटातून बंद दाराआडच्या सौद्याचा आरोप झाला. निकाल मात्र लागून गेला होता.

आता हे आकडे जरा जवळून पाहा. मॅकेन यांची 164 मतं सुटली, पॉल यांची 118. मोकळी झाली 282. हकबींची वाढली 192. म्हणजे 90 मतं गळली: रॉम्नींची 57 वाढली आणि एकूण मतदानच 33 ने घटलं. सभागृहात सगळे समोर उभे, निरोप कानात सांगता येतो, तरी जवळपास एक तृतीयांश गळती. युतीचं गणित मांडताना ही गळती आधीच धरावी. 'दोघांची बेरीज' हा आकडा कागदावरच राहतो.

आयोवा राज्यातल्या डेमोक्रॅट कॉकसमध्ये, म्हणजे उमेदवार निवडायच्या स्थानिक बैठकांत, हीच गोष्ट लहान प्रमाणात घडायची. शाळेच्या हॉलमध्ये माणसं आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभी राहत. साधारण 15 टक्क्यांचा उंबरठा. शंभरांत तुमचे अकराच भरले तर दुसऱ्या गटात जायचं, नाहीतर घरी. 2004 मध्ये युद्धविरोधी डेनिस कुसिनिच यांनी आपल्या लोकांना सांगितलं, उंबरठा गाठता आला नाही तर जॉन एडवर्ड्स यांच्याकडे जा. एडवर्ड्स यांनी सेनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं! पण हा निरोप देण्याजोगा होता, कारण त्या माणसांना तसंही कुठेतरी हलायचंच होतं. नियमानेच त्यांना कोपऱ्यातून उठवलं होतं.

साध्या मतदानात असं कुणी उठवत नाही. 24 एप्रिल 2016 च्या रात्री रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले टेड क्रूझ आणि जॉन केसिक यांनी जवळपास एकाच वेळी पत्रकं काढली. केसिक इंडियाना राज्य क्रूझ यांना सोडणार, क्रूझ ओरेगन आणि न्यू मेक्सिको केसिक यांना सोडणार. डोनाल्ड ट्रम्प यांना उमेदवारीला लागणाऱ्या 1,237 डेलिगेटपर्यंत पोहोचू द्यायचं नाही. हेतू पक्का, अंमलबजावणी कच्ची. दुसऱ्याच दिवशी केसिक म्हणाले की इंडियानाच्या मतदारांनी मला मत द्यायला हरकत नाही. मतदाराने मग ऐकायचं कुणाचं? मतपत्रिकेवर नाव तर होतंच. 3 मे ला ट्रम्प 53.3 टक्के, क्रूझ 36.6, केसिक 7.6. केसिक यांचं प्रत्येक मत क्रूझ यांना गेलं असतं तरी बेरीज 44.2. 57 च्या 57 डेलिगेट ट्रम्प यांना. करार इतका उशिरा झाला की पूर्ण पाळला असता तरी पुरला नसता.

त्याआधी मार्चमध्ये त्याच शर्यतीतल्या मार्को रुबिओ यांच्या प्रचारयंत्रणेने ओहायोतल्या समर्थकांना केसिक यांना मत द्यायला सांगितलं होतं. फ्लोरिडात परतफेड होईल ही अपेक्षा. केसिक यांच्या बाजूने साफ नकार आला. बोलणी पुरी होण्याआधी आपला वाटा जाहीर करून टाकला की हातात काही उरत नाही.

सगळ्यांत धाडसी डाव 1976 चा. रोनाल्ड रेगन विरुद्ध राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड, रिपब्लिकन उमेदवारीसाठी हवे होते 1,130 डेलिगेट. 26 जुलैला रेगन यांनी उपाध्यक्षपदासाठी पेनसिल्व्हेनियाचे उदारमतवादी सेनेटर रिचर्ड श्वाइकर यांचं नाव जाहीर केलं. रेगन यांचे व्यवस्थापक जॉन सियर्स यांचा अंदाज होता, श्वाइकर आपल्या राज्याचे डेलिगेट फोडतील. पण ते डेलिगेट श्वाइकर यांच्या खिशात नव्हते. तिथले फोर्ड गटाचे प्रमुख ड्र्यू लुइस हे त्यांचे जुने मित्र, तेच जागचे हलले नाहीत. उलट दक्षिणेतले परंपरावादी बिथरले आणि मिसिसिपीच्या 30 मतांवर पाणी पडलं.

मग कॅन्सस सिटीच्या कन्व्हेन्शनमध्ये रेगन गटाने नियम 16-सी ची दुरुस्ती आणली: प्रत्येकाने आपला उपाध्यक्ष आधीच जाहीर करावा. फोर्ड यांनी कुणाचंही नाव घेतलं असतं तर दुसरा गट नाराज झाला असता. चाल हुशार होती. 1,180 विरुद्ध 1,069 ने फेटाळली गेली. दुसऱ्या रात्री उमेदवारीच्या मतदानात फोर्ड 1,187, रेगन 1,070. चार वर्षांनी रेगन निवडून आले आणि 1981 च्या मंत्रिमंडळात आरोग्य खातं श्वाइकर यांच्याकडे गेलं, वाहतूक खातं ड्र्यू लुइस यांच्याकडे.