१६० एकर आणि पाच वर्षं

मंडळी, अमेरिकेत फुकट जमीन वाटली, असं आपण नेहमी वाचतो. २० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर जमीन, किरकोळ शुल्क, आणि अट एवढीच की पाच वर्षं तिथेच राहून ती कसायची. मला बोलायचंय ते या पाच वर्षांबद्दल. ती कशी निघाली हे पाहिलं, की ‘फुकट’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

१ जानेवारी १८६३ ला कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी नेब्रास्कातल्या ब्राउनव्हिलच्या कचेरीत डॅनियल फ्रीमन यांनी अर्ज भरला. देशातल्या अगदी पहिल्या अर्जांपैकी तो एक. त्यांची जमीन बिअ‍ॅट्रिसजवळ, कब क्रीक या ओढ्याकाठी. पाणी आणि झाडं दोन्ही हाताशी, त्यामुळे ओंडक्यांचं घर बांधता आलं. १८६५ मध्ये अ‍ॅग्नेस लग्न करून तिथे नांदायला आल्या.

मागून आलेल्यांच्या नशिबी मात्र नुसतं गवत. मैलोन्‌मैल झाड नाही, मग घर कशाचं बांधणार? तर जमिनीचंच! गवताच्या मुळांनी माती इतकी घट्ट विणलेली असे, की नांगराने तिचे लांब पट्टे निघत. ते कुदळीने तोडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून एकावर एक रचायचे. भिंत दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. पण छपरावरही मातीच! बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला थांबत नसे. चुलीवरच्या भांड्यात चिखल पडू नये म्हणून बाया छताखाली कापड ताणून बांधत. सरपण नाही, म्हणून रानोमाळ हिंडून अमेरिकी गव्यांच्या, म्हणजे बायसनच्या, रानशेणी वेचून आणत. हे बायकापोरांचं काम. सातबारा म्हणा, पट्टा म्हणा, कागदावर नाव बहुतेक नवऱ्याचंच लागे. अविवाहित बाईला, विधवेला स्वतः अर्ज करता येई आणि अनेकींनी केला, हे मात्र आवर्जून सांगायला हवं.

त्यात १८७४ ची टोळधाड. भाजी वाचावी म्हणून बायांनी वाफ्यांवर गोधड्या अंथरल्या, तर टोळांनी गोधड्याही खाल्ल्या. कित्येक कुटुंबं गाडी जुंपून माघारी गेली.

आणि ही जमीन रिकामी होती, असं कृपा करून समजू नका. ओटो-मिझुरिया या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी १८५४ च्या तहात तिथला मोठा मुलूख गमावला होता. बिग ब्लू नदीकाठी त्यांच्यासाठी एक राखीव पट्टा उरला. शेतकऱ्यांचा डोळा त्यावरही होताच. तो तुकड्यातुकड्यांनी विकला गेला आणि १८८१ मध्ये त्या लोकांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. फ्रीमन यांच्या हाती तोवर जमिनीच्या मालकीचा पक्का कागद येऊन दहा वर्षं उलटली होती.