काळ्या मातीवरचं हिरवं अंगण

[दृश्य: इंदूर, सुदामानगर. मे महिना. घरामागचं अंगण, २० बाय १२ फूट. जमीन भेगाळलेली.]

या भेगेत हात घालून बघा, मनगटापर्यंत जातो. माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते आणि मृगाच्या सरी बसल्या की फुगून भेगा मिटवून टाकते. कृत्रिम गवत अंथरायचं तर खरी गाठ या मातीशी आहे. गवत पसरणं एका दिवसाचं काम; त्याआधीचे तीन-चार दिवस खड्ड्याचे, मुरमाचे आणि गिट्टीचे, म्हणजे खडीचे.

इंदूरच्या नळाचं पाणी जलूदहून येतं, नर्मदेतून उपसून, घाट चढवून. भर उन्हाळ्यात ते हिरवळीवर ओतायला मन घेत नाही, म्हणून लोक या गवताकडे वळतात. पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी: हे प्लास्टिक आहे, ते तापतं. मे महिन्यात दुपारी दोनला त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. पाणी शिंपडलं तर निवतं, तेही थोडाच वेळ. अंगणात दुपारची सावली नसेल आणि घरात रांगतं मूल असेल, तर पुन्हा विचार करा.

[दृश्य: तेच अंगण, डिसेंबर. खोदकाम चालू.]

काम डिसेंबरमध्येच का? मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते. तेव्हा पाया घातला तर पावसाळ्यात ती फुगून वर ढकलते आणि गवताला उंचवटे येतात. पावसाळा संपल्या संपल्या घातला तर पुढच्या उन्हाळ्यात माती बसते आणि खळगे पडतात. हिवाळ्यात ओलावा मधला असतो.

खोली ९ इंच. त्यात ४ इंच मुरूम, ३ इंच गिट्टी, १ इंच चुरी (दगडाची भुकटी), आणि वरचा १ इंच गवतासाठी मोकळा. ही मापं दाबून झाल्यावरची आहेत. सैल माल चौथ्या हिश्शाने जास्त मागवावा लागतो: मुरूम १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, गिट्टी ७५, चुरी २५.

आता खड्ड्याचा तळ बघा, तो उतरता आहे. १२ फुटांत २ इंच, डाव्या भिंतीकडून उजवीकडे. काळी माती पाणी पीत नाही. तळ सपाट राहिला तर गवतातून झिरपलेलं पाणी खाली साठून खड्ड्याचा हौद होतो, आणि श्रावणात अंगणाला कुबट वास येतो. म्हणून उजव्या भिंतीलगत, सगळ्यांत खाली, भोकं पाडलेला ३ इंची पीव्हीसी पाइप टाकलाय. तो पावसाळी गटाराला जोडायचा, सांडपाण्याच्या चेंबरला कधीच नाही.

तळावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड, जोडाला फूटभर एकावर एक. हे नसेल तर काळा चिखल दोन पावसाळ्यांत वरच्या थरांत चढतो. कापड टाकण्याआधी लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून काढा. हराळी कापडाखाली दबेल, लव्हाळा कापड भोसकून वर येतो.

मुरूम दोन थरांत, पाणी शिंपडून, प्लेट वायब्रेटरने दाबायचा. कोपऱ्यांत मशीन पोचत नाही, तिथे धुम्मस. मग गिट्टी: २० मिलिमीटरची नुसती नको, तिच्यात १० ची आणि बारीकही मिसळलेली हवी. नुसत्या मोठ्या गिट्टीवर चुरी पसरली तर पहिल्याच पावसात ती फटींतून खाली निसटते. पुढे गवतावर चालताना पाय अचानक खाली जातो तो यामुळेच. चुरीही तपासून घ्या. ओली चुरी मुठीत दाबा. हाताला चिखल लागला तर तिच्यात माती आहे, ट्रॉली परत पाठवा.

[दृश्य: चुरीवर लांब फळी सरकते आहे. मग दोन बादल्या पाणी.]

फळी फिरवून तिच्याखाली उजेड दिसतो का ते पाहायचं. मग वरच्या कडेला दोन बादल्या ओतून पाइपाच्या तोंडाशी थांबायचं. पाणी आलं, तरच गवत आणायचं.

गवताचा रोल २ मीटर रुंद, म्हणजे साडेसहा फूट. २१ फुटांचे दोन पट्टे लागले. अंगण २४० चौरस फूट, पण घ्यावं लागलं २७३. पट्टे दोन-तीन तास उन्हात उलगडून ठेवा. गुंडाळीचा ताण गेला नाही तर नंतर सुरकुत्या येतात. दोन्ही पट्ट्यांची पाती एकाच दिशेला, घराच्या दाराकडे झुकलेली. एक पट्टा उलटा पडला तर एकाच रोलमधले दोन रंग वाटतात.

[दृश्य: अगदी जवळून. पट्टा उलटा, सुरी टाक्यांच्या दोन ओळींमधून सरकते.]

सांधा असा करतात. पाती पाठीला टाक्यांच्या ओळींनी शिवलेली असतात; जुळणाऱ्या दोन्ही कडांच्या अशा तीन-तीन ओळी कापून टाकायच्या, आणि कापायचं ते मागच्या बाजूने. सुरी टाक्यावरून गेली तर पाती निखळतात. दोन कडांमधलं अंतर टाक्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराएवढंच. जास्त ठेवलं तर काळी रेघ दिसते, कमी ठेवलं तर वरंबा उठतो. खाली फूटभर रुंद टेप, त्यावर पॉलियुरेथेनचा गोंद नागमोडी, मग कडा एकेक करून टेकवायच्या, एकही पातं गोंदात न अडकवता. वर वाळूच्या पिशव्या, दुसऱ्या दिवसापर्यंत.

कडेला ६ इंची गॅल्व्हनाइज्ड खिळे, दर ८ इंचांवर. पाइपाच्या बाजूला मात्र आखूड. पाती बाजूला सारून खिळा गवताच्या पाठीला टेकेपर्यंतच ठोका. आणखी एक घाव घातला की तिथे खळी पडते.

शेवटी कोरडी सिलिका वाळू, चौरस मीटरला ६ किलो, इथे ५० किलोच्या तीन गोण्या. दोन-तीन वेळा पसरून कडक ब्रशने पात्यांच्या उलट दिशेने झाडायची, म्हणजे ती मुळाशी उतरते आणि पाती उभी राहतात.

शेजारच्या इमारतीला आरशासारखी काच असेल तर तिचा कवडसा कुठे पडतो ते दुपारभर पाहून ठेवा. त्या जागी पाती वितळून चिकटतात, आणि तिथे तुकडा बदलण्यावाचून इलाज नसतो. त्यासाठीच उरलेलं कापण फेकू नका. पाठीवर मार्करने पात्यांच्या दिशेचा बाण काढा आणि सावलीत गुंडाळून ठेवा. पुढच्या वर्षीच्या रोलचा हिरवा याच्याशी जुळेलच असं नाही.