लोक कुठे हलले?

(रविवारची दुपार. दादर, शिवाजी मंदिर. तिकीट खिडकीतला प्लॅन, त्यावर पेन्सिलीच्या फुल्या. जिना चढणारी माणसं.)

दादरला प्लाझासमोर उभं राहिलं की पलीकडे हा जिना. शिवाजी मंदिर १९६५ साली सुरू झालं. मी त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी. एकांकिका लिहिते. या पायऱ्या किती वेळा चढले, त्याचा हिशेब नाही. वर जाऊन काय पाहिलं, त्याचा आहे.

(लाल कापडी बांधणीची वही. कोपरे झिजलेले. एक हात पान उलटतो.)

ही ती वही. अशा अकरा आहेत. पानावर सगळ्यात वर तारीख, मग नाट्यगृह, मग नाटकाचं नाव. तिकिटाचा अर्धा तुकडा डिंकानं चिकटवलेला. आणि खाली बारीक अक्षरात: ‘पहिला अंक, मामा आल्यावर हलले.’ ‘दुसरा अंक, पत्र वाचताना हलले, डावीकडचे जास्त.’ नाटक बरं होतं की वाईट, कुणी कसं काम केलं, यातलं एक अक्षर नाही. लोक कुठे हलले, एवढंच.

पहिल्या वहीतलं अक्षर माझं नाही, माझ्या वडलांचं आहे.

(लालबाग. चाळीची गॅलरी, वाळत घातलेले कपडे. मागे गिरणीची चिमणी.)

बाबा गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. एका छपराखाली शेकडो साचे दणदणत असतात, तिथे आठ तास उभं राहायचं. साचेवाले घरी आले की मोठ्यानं बोलतात. शेजाऱ्यांना वाटतं, भांडण चाललंय. बाबांचे कान वीसेक वर्षांत गेले. पार बहिरे झाले नव्हते. गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, दार आपटलेलं कळायचं. माणसाचं बोलणं मात्र पुसट झालं होतं.

आणि या माणसाला नाटकाचं वेड. राजापूरकडच्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकात तरुणपणी ते बाईचं काम करायचे. नऊवारी नेसून, केसांचा टोप लावून. मुंबईला आले आणि गिरणीला लागले, तेव्हा रंग पुसला तो पुसला. पण बघायचं सुटलं नाही.

(परळ. दामोदर हॉलचं जुनं छायाचित्र.)

परळला सोशल सर्व्हिस लीगच्या आवारात दामोदर हॉल होता, १९२२ सालचा. गिरणगावाचं नाटकघरच ते. कोकणातून आलेले चाकरमानी इथे नमन करायचे, दशावतार करायचे, गाववाल्यांची नाटकं बसवायचे. रात्रपाळीवाला दुपारच्या खेळाला यायचा, दिवसपाळीवाला रात्रीच्या. मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं. नेण्यामागे त्यांचा स्वार्थ होता, आणि तो मला आजही फार गोड वाटतो.

बाबा ओठ वाचायचे. पुढची रांग मिळाली तर नटांचे ओठ दिसत, आणि तेवढ्यावर निम्मं नाटक त्यांच्या हाती लागे. उरलेलं निम्मं माझ्याकडून. खेळ सुटला की परळहून भारतमाता सिनेमापर्यंत आम्ही चालत यायचो. ते विचारायचे, “बाय, ती दारात थांबली तेव्हा काय म्हणाली?” मी सांगायची. भर रस्त्यात, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. माणसं वळून बघायची. लांबलचक वाक्य सांगितलं की बाबांचा चेहरा कोरा व्हायचा. मग तेच मी चार शब्दांत सांगायची आणि त्यांच्या डोळ्यांत ते लख्ख उतरलेलं दिसायचं.

तुझ्या एकांकिकांतले संवाद इतके आखूड का, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. ते त्या रस्त्यावर आखूड झाले.

बदल्यात बाबा मला एक गोष्ट द्यायचे. नट पाठमोरा झाला, ओठ दिसेनासे झाले, की ते सरळ मागे वळून प्रेक्षकांकडे बघत बसायचे. कुणी पाय आवरतंय, कुणी पदर सावरतंय, कुणी शेजारच्याच्या कानाशी लागलंय, कुणी मघापासून अडवलेलं खोकून घेतंय. घरी आले की वही काढायचे. “तिथं लोक हलले, बाय. तिथं काहीतरी चुकलं.” ज्याला शब्द ऐकू येत नव्हते, त्याला शब्द कुठे जास्त झाले ते बरोबर कळायचं.

(वहीची पानं. नुसत्या तारखा.)

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. घरात मोहरीसुद्धा मोजून फोडणीत पडायची, तिथे तिकीट कुठलं? वहीत त्या वर्षीच्या रविवारच्या तारखा बाबांनी घातल्यात. एकाखाली एक. त्यांच्यापुढे काही नाही.

संप मिटला असं कुणी कधी म्हणालंच नाही. बाबा एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. मी कॉलेजात गेले.

(दादर पश्चिम. छबिलदास शाळेची गल्ली, भाजीवाले, गर्दी.)

दादर स्टेशनबाहेरच्या या गल्लीत छबिलदास शाळा आहे. वरच्या हॉलमध्ये १९७४ पासून ‘आविष्कार’ ही संस्था नाटकं करत होती. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे, अशी ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेली ही मंडळी. पडदा नाही, झगमगीत सेट नाही, तिकीट आमच्यासारख्यांना जमेल असं. नट दोन हातांच्या अंतरावर उभा, त्याच्या कपाळावरचा घाम दिसतोय. खालून भाजीवाल्याची आरोळी येतेय आणि तरी एक मान हलत नाही. मी पहिल्यांदा तिथे गेले ती १९८४ साली. घरी येऊन वही उघडली आणि लिहायला काही सापडेना. पान कोरं राहिलं. पण संपातल्या पानांसारखं नव्हे.

असं एखादं नाटक माणसाला पुरतं. महेश एलकुंचवार नागपुरात सिनेमाला गेले होते, तिकीट मिळालं नाही म्हणून शेजारी चाललेल्या नाटकाला जाऊन बसले. विजया मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच बघायला गेले आणि आपण नाटकंच लिहायची असं त्यांनी ठरवलं. पुढे १९६७ साली त्यांची ‘सुलतान’ ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली. ती एकांकिका होती. हा किस्सा मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. कुणी विचारलं ना, की लिहायला कुठे शिकू, तर मी म्हणते, बाल्कनीचं तिकीट काढ.

(लाकडी स्टँडवर बसवलेला पितळी नळ. खाली बादली.)

हा नळ माझ्या पहिल्या एकांकिकेतला. भंगारवाल्याकडून आणलेला. पहाटे चारला चाळीच्या नळावर तीन बायका रांगेत बसल्यात आणि पाणी येत नाहीये, एवढीच गोष्ट. तिघींचे नवरे संपातले. बत्तीस मिनिटांची. शेवटी नळाला पाणी येतं आणि तिघींपैकी कुणीच उठत नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. ज्यांनी एकांकिका केलीय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. तुमच्या आधीच्या कॉलेजचा सेट निघतो आणि घड्याळ सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटांत लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, लावायच्या, भिंतींचे फ्लॅट उभे करायचे, दिव्याचा स्पॉट कुठे पडतोय ते बघायचं, टेप लावून ठेवायची. हातोडी सापडत नाही, कुणाचं तरी बोट चेपतं, विंगेतून घड्याळवाला ओरडतो, “दोन मिनिटं!” आणि मग घंटा.

आमची टेप अडकली.

शेवटचा क्षण. पाण्याचा आवाज यायला हवा. आधी नळातून हवेची फुसफुस, मग धार. आमच्या चाळीतल्या नळावर पहाटे टेपरेकॉर्डर धरून मी तो आवाज घेतला होता. तो आलाच नाही. विंगेत मी पेन्सिल घालून कॅसेटची फीत गुंडाळतेय आणि समोर रंगमंचावर शांतता. मोठी भूमिका करणाऱ्या मुलीनं नळाकडे पाहिलं. मग बादलीकडे. हात पुढे केला, नळाखाली धरला, आणि तळहात हळूहळू जड झाल्यासारखा खाली नेला. बाकीच्या दोघी त्या हाताकडे बघत राहिल्या. बस. अंधार.

मी विंगेत रडत होते.

बाबा पहिल्या रांगेत होते. वॉचमनच्या गणवेशातच आले होते, तिथून थेट कामावर जायचं होतं. बाहेर भेटले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. म्हणाले, “नळाला पाणी आलं ना, तेव्हा एक मान हलली नाही, बाय. मी मागं वळून बघितलं.”

पाण्याचा आवाज असणार होता, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. पुढच्या प्रयोगाला मी टेप नेली नाही. त्यानंतरही कधी नाही.

(बँकेचं काउंटर. संध्याकाळची डोंबिवली लोकल.)

पुढे बँकेत नोकरी, लग्न, डोंबिवली, दोन मुलं. बँकांच्या नाट्यस्पर्धा, कामगार कल्याणच्या स्पर्धा, कॉलेजची मुलं घरी येऊन “ताई, यंदा काही नवीन आहे का?” म्हणून बसणार. तालमी महापालिकेच्या शाळेत, वर्ग सुटल्यावर, बाकं कडेला सारून. प्रत्येक संहितेच्या प्रती प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायच्या, प्रमाणपत्र येईपर्यंत जीव टांगणीला. रात्रीचा खेळ पाहून शेवटची गाडी गाठायची, दिव्याखालची जागा मिळाली तर त्यातच वही भरायची.

लोक म्हणतात, एकांकिका ही पायरी आहे, पुढे मोठं नाटक लिहायचं. उदाहरणं देतात. ‘ऑल द बेस्ट’ आधी एकांकिकाच होती, बघा कुठे पोचली. पोचली, आनंद आहे. पण पायरी हा शब्द मला मान्य नाही. तीन बायका आणि नळ, याचा दोन अंकांचा ऐवज मला कितीदा सुचवला गेला. दुसऱ्या अंकात काय करतील त्या? पाणी आलं. गोष्ट तिथे उभी आहे. तिला ओढून लांब केली तर लोक हलणारच.

आणि एकांकिका मरते लवकर, हे खरं दुःख आहे. मुलं पास होतात, पांगतात, सेट कुणाच्या तरी गच्चीवर भिजून जातो. चाळीस मिनिटांसाठी तिकीट काढून कोण येणार, म्हणून निर्माता नाही. उरतात त्या झेरॉक्स. स्पर्धांनी जगवलंय आपल्याला, आणि स्पर्धांनीच थोडं बिघडवलंय. हल्ली कितीतरी एकांकिका पार्श्वसंगीतावर चढवलेल्या असतात. परीक्षकाला दचकवायचं, शेवटी गुपित फोडायचं, प्रकाश लाल करायचा. मुलं हुशार आहेत, ताकदीची आहेत. त्यांना शांततेची भीती वाटते, तेवढी गेली पाहिजे.

(रात्र. नाट्यगृहाबाहेर चहाच्या टपरीवर स्वेटर घातलेली तरुण मुलं.)

ती गेलेली बघायची असेल तर २५ जानेवारीच्या रात्री चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई’ला जा. वर्षभर ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिकांची ही स्पर्धा. रात्रभर चालते, निकाल प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे. तीन वाजताचा प्रेक्षक हा जगातला सगळ्यात खरा प्रेक्षक असतो. त्याला झोप आलेली असते, चहा उतरलेला असतो, शिष्टाचार संपलेला असतो. तेव्हा जी एकांकिका त्याला जागचा हलू देत नाही, तिच्यात काहीतरी आहे. मी कडेच्या खुर्चीवर बसते, म्हणजे मान जराशी वळवली की सगळं प्रेक्षागृह दिसतं. आता मला कुणी हटकत नाही. ओळखीच्या झाल्यात सगळ्यांच्या माझ्या खोडी.

(परळ. दामोदर हॉलचं बंद फाटक.)

बाबा २००९ साली गेले. दामोदर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. मी फाटकापर्यंत गेले होते. तिथून भारतमातापर्यंत चालत आले. वाटेत कुणी काही विचारलं नाही, म्हणून काही सांगितलं नाही. परळमध्ये नाटकघर पुन्हा उभं राहिलंच पाहिजे. आधीइतकंच मोठं, आणि पहिली रांग रंगमंचाच्या इतकी जवळ, की ओठ दिसावेत.

(महापालिकेच्या शाळेतला वर्ग. कडेला सारलेली बाकं. गोलात बसलेली पाच-सहा मुलं, हातात झेरॉक्सची पानं.)

ही नवी एकांकिका. काल पहिलं वाचन झालं. मुलगी वाचत होती, छान वाचते. मी तिच्याकडे बघत नव्हते. बाकीच्यांकडे बघत होते.

पान अकरावर, सून कपाट उघडते तिथे, दोघं हलले. एकानं मोबाइल पालथा घातला, एकीनं मांडी बदलली. तिथे मी पेन्सिलीनं रेघ मारलीय. चार ओळी जातील.

उद्या तालीम साडेसहाला.