मिरीच्या गोदामात भरलेलं प्रदर्शन

श्रोतेहो, नमस्कार.

आज कोचीला जायचं. तिथे दर दोन वर्षांनी आजच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरतं, कोची-मुझिरीस बिएनाले. मध्ये कोविडनं खोडा घातला, ते सोडा. पहिलं भरलं 12 डिसेंबर 2012 ला. बारा-बारा-बारा, तारीख विसरायची सोयच नाही! सुरू केलं बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी. दोघे मूळचे केरळचे, शिकले मात्र आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पुढे एकेका वर्षाची मांडणी ज्यांनी केली, त्यांत जितीश कल्लाट आणि सुदर्शन शेट्टी, हेही जे. जे.चेच. आणि 2025 च्या मांडणीचं काम गेलं थेट गोव्याला, निखिल चोप्रा आणि त्यांच्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारांच्या गटाकडे. म्हणजे गाव परकं असलं तरी घरची माणसं भेटतात.

पण मला आज माणसांबद्दल बोलायचं नाहीये. जागांबद्दल बोलायचंय. हे प्रदर्शन एका इमारतीत मावत नाही, ते शहरभर पसरतं. फोर्ट कोची, मट्टनचेरी, आणि बोटीनं खाडी ओलांडली की एर्नाकुलमचा दरबार हॉल. फोर्ट कोची आणि मट्टनचेरीतल्या बऱ्याचशा जागा म्हणजे मसाल्याच्या व्यापाराची जुनी गोदामं. गोदामं, बरं का. आर्ट गॅलरी नव्हे.

सगळ्यांत नावाजलेली जागा अॅस्पिनवॉल हाउस. जॉन अॅस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्यानं 1867 मध्ये पेढी काढली. मिरी, काथ्या, सुंठ, हळद, इमारती लाकूड, गवती चहाचं तेल, सगळं इथून जहाजावर चढायचं. समोर पाणी, मागे रस्ता. मंगलोरी कौलं, लाकडी वासे, आणि पोपडे आलेल्या भिंती तशाच ठेवलेल्या. जवळच पेपर हाउस, पेपर म्हणजे कागद नव्हे, मिरी. त्याची एक वखार रस्त्याकडे तोंड करून, दुसरी पाण्याकडे, मध्ये मोठं अंगण. मुंबईत आपण गिरण्या पाडून मॉल बांधले आणि वर त्यांना गिरण्यांचीच नावं दिली, त्याबद्दल मी एरवी अर्धा तास बोलू शकते. आज नको.

डेव्हिड हॉलचं मात्र सांगायलाच हवं. सतराव्या शतकाच्या अखेरीची डच इमारत. तिचं नातं सांगतात मलबारचा डच गव्हर्नर व्हान रेडे याच्याशी. त्यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मालाबारिकुस’ हा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर तीन कोकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. तिघांनी दिलेला 1675 चा कोकणीतला दाखला पहिल्या खंडात आहे, चक्क नागरी लिपीत! गोव्याहून परागंदा झालेल्या घराण्यांची ही पोरं-नातवंडं. आता त्या हॉलमध्ये चित्रं बघायची आणि कॉफी प्यायची.

आता मला जी गोष्ट सांगायचीय ती. तुमच्यापैकी काहींनी माझ्या तोंडून ऐकली असेल, तरी पुन्हा ऐका.

पहिल्या बिएनालेला माझ्याबरोबर मावशी होती. राजापूरची, सत्तरी ओलांडलेली. तिला कलेत रस शून्य. देवळं बघायला मिळतील म्हणून आलेली. अॅस्पिनवॉलमध्ये दोन-तीन खोल्यांत अंधारात व्हिडिओ चालू होते, तिथून ती पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, “अगं, लाइट गेलेत की काय यांचे?”

आणि मग आम्ही रगड्यांपाशी आलो. रगडे, वाटणाचे. ओबडधोबड काळे दगड, वर वाटीसारखा खोल खळगा. एक नाही, दोन नाही, 170 च्या आसपास. शीला गौडा आणि ख्रिस्तोफ स्टोर्झ यांची ती कलाकृती, ‘स्टॉपओव्हर’. बंगळुरात जुनी घरं पाडली, स्वयंपाकघरं नवी झाली, ओट्यावर मिक्सर आला. रगड्याला जागा उरली नाही. पण ज्या दगडावर घराचं वाटण झालं तो फोडायचा कसा, कचऱ्यात टाकायचा कसा? म्हणून लोकांनी ते गुपचूप फुटपाथवर नेऊन ठेवले. ते या दोघांनी गोळा केले आणि कोचीच्या मसाल्याच्या पेढीत आणून मांडले.

मी हे पाटीवर वाचून मावशीला सांगणार, तोवर ती खाली वाकलेली. खळग्यात हात. अंगठा गोल फिरवत म्हणाली, “हा बघ किती गुळगुळीत झालाय. याला टाकी घालून घ्यायला हवी होती. खोबरं नुसतं सरकत असणार यावरून.” तिसऱ्या दगडाला हात लावला तसा स्वयंसेवक धावत आला. कोवळा पोरगा, गळ्यात ओळखपत्र. “आंटी, प्लीज डोंट टच.”

मावशीनं त्याच्याकडे असं बघितलं, की मीच दोन पावलं मागे सरले. “हात लावू नको म्हणे! अरे, तो हात लावायलाच असतो.” हे सगळं राजापुरी मराठीत. पोराला काय समजलं देव जाणे, पण तो हसला आणि बाजूला झाला. मावशी पुढे चालू. कोणत्या घरात माणसं जास्त होती, कुठला दगड नीट घडवलेला, कुठला पाथरवटानं उरकलेला, सगळं मला सांगत. तोवर आणखी चार बायका जमल्या, तमिळ असाव्यात. एकीनं हातानंच बत्ता फिरवल्यासारखं करून दाखवलं. मावशीनं मान डोलावली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “लोकांनी विकले का नसतील गं?” म्हणाली, “पाचवीला आपण पाटा-वरवंटा पुजतो. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून देतो-घेतो, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. तो काय भंगारात घालायचा?” पाटीवर जे दोन परिच्छेद होते, ते तिनं न वाचता सांगून टाकले. (मिक्सरच्या चटणीला ती चव नाही, हेही सांगितलं. ते खरंच आहे. मिक्सर तापतो आणि खोबऱ्याला तेल सुटतं, माझं तर ठाम मत आहे.)

हेच रगडे एखाद्या वातानुकूलित दालनात, पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवले असते तर मावशीनं हात लावला नसता. गोदामात लावला. तिथे जमीन खडबडीत होती, हवा खारट होती. शंभर-दीडशे वर्षं तिथे मिरी आणि हळद पोत्यांनी रचली गेली, आणि त्याच जागी मिरी-हळद वाटणारे दगड आले. म्हणून म्हणते, जागा बघा. आधी जागा, मग कलाकृती.

2016 ला चिलीचे कवी राऊल सुरिता यांनी याच अॅस्पिनवॉलच्या एका लांबलचक गोदामात पाणी भरलं. बघणाऱ्यांनी चपला काढायच्या, कपडे वर खोचायचे आणि पाण्यातून चालत जाऊन भिंतीवरच्या ओळी वाचायच्या. समुद्रात बुडालेल्या सीरियन निर्वासित मुलासाठी केलेलं काम होतं ते.

अर्थात गोदामाची किंमतही मोजावी लागते. कौलं गळतात, दमट हवेनं कागद फुगतो. 2022 ला तर 12 डिसेंबरचं उद्घाटन झालं आणि मुख्य जागाच तयार नाहीत. त्या उघडल्या 23 तारखेला. लांबून आलेले लोक आल्या पावली परतले.

जाणार असाल तर मार्चच्या आत जा, नंतर उकाडा सोसत नाही. फोर्ट कोची ते मट्टनचेरी पायी करा, रिक्षावाले गळ घालतील तरी. पायात सहज काढता येतील अशा चपला हव्यात. दरबार हॉल वेगळ्या दिवशी ठेवा आणि तिथे बोटीनं जा, रस्त्यानं वळसा पडतो. आणि बरोबर कलेत रस नसलेलं एखादं माणूस जरूर न्या.

नमस्कार.