पेन्सिल, पावती आणि ॲना

मंडळी, रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीची बायको म्हटलं की आपल्यापुढे उभी राहते ती जुगारी नवऱ्याला सांभाळून घेणारी, सोशिक ॲना. ती सोशिक होतीच. पण त्या घरात ती पहिल्यांदा गेली ती कामाला, आणि आज मला तिच्या कामाबद्दल बोलायचं आहे.

साल १८६६. दस्तयेव्हस्की चव्वेचाळीस वर्षांचा, विधुर, वारलेल्या भावाची देणी अंगावर घेतलेला. स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाकडून त्याने तीन हजार रूबल उचलले होते. करारातली अट ऐका: १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हातात पडली नाही, तर पुढची नऊ वर्षं याचं लिखाण तो फुकट छापणार! आणि ऑक्टोबर उजाडला तरी कादंबरी लिहायला सुरुवातही नव्हती.

४ ऑक्टोबरला वीस वर्षांची ॲना स्नित्किना त्याच्या पीटर्सबर्गच्या घरी आली. वडील त्याच वर्षी गेलेले. शॉर्टहँडच्या वर्गात तिचा हात चांगला, म्हणून शिक्षकांनीच तिचं नाव सुचवलं होतं. दुपारी तो सांगायचा, ती टिपून घ्यायची. रात्री घरी बसून त्या खुणांची स्वच्छ प्रत करायची, दुसऱ्या दिवशी कागद त्याच्यापुढे ठेवायची. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ पुरी झाली. हस्तलिखित द्यायला जावं, तर प्रकाशक गावाला गेलेला. तो असं काही करील याचा अंदाज होता, वकिलाला आधीच विचारून ठेवलं होतं. मग पोलीस ठाण्यात हस्तलिखित देऊन रीतसर पावती घेतली. त्या एका पावतीने लेखकाची नऊ वर्षं वाचवली.

१८६७च्या फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं. पुढची परदेशातली चार वर्षं मी भरभर सांगते: तो रुलेटच्या जुगारात हरायचा, तिचे दागिने गहाण पडायचे. जिनिव्हात पहिली मुलगी सोन्या तीन महिन्यांची होऊन गेली. त्याबद्दल मला जास्त बोलवत नाही.

१८७१ साली दोघं मायदेशी परतली आणि दाराशी सावकार उभे राहिले. ॲनाने त्यांच्याशी बोलणं स्वतःकडे घेतलं. ती सगळी देणी फिटायला दस्तयेव्हस्कीच्या मृत्यूआधीचं वर्ष उजाडलं, यावरून ओझं केवढं होतं ते कळेल.

मग तिने ठरवलं, पुस्तक आपणच छापायचं. छापखान्यात उधारी किती दिवसांची, कागद काय भावाने, विक्रेत्याला सूट किती, हे सगळं तिने स्वतः फिरून विचारून घेतलं. १८७३च्या जानेवारीत त्याच्या ‘डेमन्स’ या कादंबरीच्या साडेतीन हजार प्रती निघाल्या, किंमत साडेतीन रूबल. जाहिरात आली त्या सकाळपासून विक्रेत्यांची माणसं घरी येऊ लागली. दस्तयेव्हस्की रात्री लिहायचा, त्यामुळे तो झोपलेला. उठल्यावर त्याने विचारलं, धंदा कसा चाललाय? एकशे पंधरा प्रती गेल्या, ती म्हणाली. त्याला ती थट्टाच वाटली. तेव्हा तिने हिशेबाचा कागद आणि नोटा काढून दाखवल्या.

‘करामाझफ बंधू’पर्यंत कामाची रीत तीच राहिली. रात्री त्याने लिहावं, दुसऱ्या दिवशी तिला सांगावं, तिने शॉर्टहँडमध्ये घ्यावं. ती कादंबरी ‘ॲना ग्रिगोर्येव्हना दस्तयेव्हस्काया’ हिला अर्पण केलेली आहे.