तांदळातलं नाव आणि ग्रीन कार्डाची फाईल

नमस्कार श्रोतेहो.

लग्नाच्या दिवशी आमच्याकडे ताम्हणात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आमच्या ह्यांनीही लिहिलं. पेढे वाटले, फोटो निघाले, तांदूळ कुणाच्या तरी भातात गेले. नाव मात्र राहिलं. चार महिन्यांनी न्यू जर्सीत ग्रीन कार्डाची फाईल लावायला बसलो, तर टेबलावर माझी तीन नावं निघाली. पासपोर्टावर माहेरचं, मधे बाबांचं नाव. घरभाड्याच्या करारावर सासरचं आडनाव. आणि ह्यांच्या ऑफिसच्या मेडिकल विम्यावर तांदळातलं नाव, कारण तो फॉर्म ह्यांनी भरला होता आणि घरात मला सगळे त्याच नावाने हाक मारत होते.

आता ही फाईल म्हणजे काय, ते आधी सांगते. ह्यांचा जन्म इथला, म्हणजे अमेरिकन नागरिक. नागरिकाच्या जोडीदाराला रांग नसते. दरवर्षीचा कोटा त्याला लागू नाही. नवरा किंवा बायको नुसती ग्रीन कार्डधारक असेल तर कोटा लागतो आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनवर, म्हणजे कुणाचा नंबर लागला ते सांगणाऱ्या सरकारी यादीवर, डोळे लावून बसावं लागतं. मी आधीच इथे एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, काम करत होते, म्हणून आय-१३० आणि आय-४८५ हे दोन्ही अर्ज एकदमच भरता आले. पहिल्यात ‘हे आमचं नातं’, दुसऱ्यात ‘मला इथं कायम राहू द्या’. जी मुलगी भारतात आहे तिची फाईल नॅशनल व्हिसा सेंटरमार्गे जाते आणि मुलाखत मुंबईत, बीकेसीतल्या वकिलातीत होते. तिथे पोलीस क्लिअरन्स लागतो, तो पासपोर्ट ऑफिसकडून घ्यायचा.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. आय-४८५ प्रलंबित असताना आजी आजारी आहे म्हणून तिकीट काढून निघालात आणि हातात अॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आधी घेतलेली परवानगी, नसेल, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच आणि एल ह्या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यात सूट आहे, पण स्टुडंट व्हिसावरून आलेल्यांना नाही. विमानात बसण्याआधी वकिलाला विचारा. शेजारच्या काकांना नको.

जन्माचा दाखला हा आमच्या पिढीचा जुना त्रास. माझ्या दाखल्यावर आई-बाबांचं नाव आहे, तारीख आहे, आणि मुलाचं नाव ह्या रकान्यात नुसती रेघ! बारशाआधीच नोंद झाली, नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. आई नगरपालिकेत चार खेपा घालून नाव चढवून आली. ज्यांची नोंदच नसेल त्यांनी तसा ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यावा आणि त्याला आई-वडिलांची किंवा जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे’ असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. लग्नाचा दाखला नोंदणी कार्यालयाचा हवा. मंगल कार्यालयाच्या हॉलची पावती आणि पत्रिका कितीही छान छापली असली, तरी ती पुरावा म्हणून दुय्यमच.

पैशाचा कागद म्हणजे आय-८६४. नागरिक जोडीदाराने लिहून द्यायचं की मी हिचा खर्च उचलेन; उत्पन्न गरिबीच्या ठरलेल्या रेषेच्या १२५ टक्के तरी हवं. ह्यांनी तो वाचता वाचता मान वर केली. घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी सुटत नाही, असं त्यात लिहिलंय. सप्तपदीतसुद्धा इतकं बांधून घेत नाहीत.

मेडिकल तपासणीच्या अहवालाचा लिफाफा सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडूनच, बंद. आता तो अर्जासोबतच द्यावा लागतो.

तर नावं. तीन नावं म्हणून इमिग्रेशन खात्याचं एक पत्र आलं, आणखी पुरावे द्या. चूक आमचीच होती. अर्जात ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना आहे, तो मी लाजत रिकामा सोडला होता! मग तिन्ही नावं लिहिली, नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं, विम्याचं कार्ड पासपोर्टाच्या नावाने बदलून घेतलं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा आपल्याकडे कायदा नाही. सासरी काय म्हणायचं ते म्हणू द्या, कागदावर एकच नाव ठेवा.

मुलाखतीत ऑफिसरबाईंनी अल्बम उघडला. अंतरपाटाचा फोटो. मी आणि ह्यांच्यामधे पांढरं कापड, माझ्या मागे मामा. त्यांनी विचारलं, नवरा कुठाय? मी म्हटलं, कापडापलीकडे. त्यांनी पुढचा फोटो पाहिला, तिथे कापड खाली आणि आम्ही हार घालत होतो. मग विचारलं, आज सकाळी चहा कोणी केला? आम्ही दोघांनी एकदम ‘मी’ म्हटलं, आणि मला घाम फुटला. दोघेही खरे होतो, त्या दिवशी धास्तीने दोनदा चहा झाला होता.

लग्नाला दोन वर्षं व्हायला काही महिने बाकी होते, म्हणून कार्ड दोनच वर्षांचं मिळालं. लग्नाच्या नावाखाली फसवणूक होते म्हणून १९८६ साली ही अट आली. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ही अट काढून टाकण्याचा अर्ज, भरायचा, दोघांच्या सहीने. तोपर्यंत एकत्र टॅक्स, भाडं, वीजबिलं एका डब्यात टाकत जा.

आणि ज्या बाईला घरात मार किंवा धाक आहे, तिने ‘तुझं कार्ड माझ्या हातात आहे’ ह्या वाक्याला घाबरू नये. आय-७५१ एकटीला भरता येतो, तशी सूट आहे. कार्डच मिळालं नसेल तर १९९४ च्या कायद्याने नवऱ्याला न कळवता स्वतःचा अर्ज करता येतो. न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते आहे.

नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००. ग्रीन कार्ड मिळाल्यावर इतरांना पाच वर्षं थांबावं लागतं, नागरिकाच्या जोडीदाराला तीन, एकत्र राहत असाल तर. त्यातले १८ महिने इथे प्रत्यक्ष काढलेले हवेत. अर्ज तीन वर्षांच्या ९० दिवस आधी चालतो. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यांवरची नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांमधून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. माझ्या वेळी १०० पैकी दहाच होते, तरी मी फ्रीजवर राष्ट्राध्यक्षांची नावं चिकटवली होती.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. शपथ झाली की भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. त्याचे कागद वेगळे, ते पुढच्या भाषणात.

एन-४०० मध्ये एक रकाना असा आहे की नाव कायदेशीर बदलायचं आहे का. बदलायचं असेल तर शपथ न्यायाधीशासमोर होते. सासूबाई माझ्या शेजारी सोफ्यावर वाटाणे सोलत होत्या. मी त्यांना विचारलं, लिहू का तुमचं ते तांदळातलं नाव? त्या म्हणाल्या, आता पुन्हा विम्याचं कार्ड बदलत बसू नकोस.

नमस्कार.